श्वास धरा, हलू नका

"फोटो चांगला आहे," सर म्हणाले, "पण हा कुणाचा आहे?"

"माझाच," एक्स-रेवाले म्हणाले. "मागे नावही लिहिलंय."

"नाव तुमचं आहे हो. फोटो मात्र सगळ्यांचा आहे. पानावरचा थेंब जगात प्रत्येकानं काढलाय. तुमची स्वतःची शैली कुठाय यात?"

हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचं प्रदर्शन चार आठवड्यांवर आलं होतं आणि मंडळ चालवणाऱ्या सरांचा नियम कडक होता. ज्याला स्वतःची शैली सापडली, त्याचाच फोटो भिंतीवर. एक्स-रेवाल्यांचा फोटो गेल्या वर्षी परत आला होता, त्याच्या आदल्या वर्षीही. वीस वर्षं ते दवाखान्यात एक्स-रे काढत होते. हजारो माणसं त्यांनी आतून पाहिली, पण त्यांनी काढलेलं एकही चित्र कुणी कधी भिंतीवर लावलं नव्हतं. लावणार तरी कोण? यंदा काही झालं तरी भिंत गाठायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मग घरात शैलीचा शोध सुरू झाला. पहिल्या आठवड्यात ते जमिनीवर पालथे पडून खुर्चीच्या पायांचे फोटो काढत होते. बायको बादली घेऊन त्यांना ओलांडून जायची. "शैली सापडली की उठा," ती म्हणायची, "मला पुसायचंय तिथं."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळं तिरकं काढायला घेतलं. कपाट तिरकं, खिडकी तिरकी, बायको तिरकी. जवळच राहणारे सासरे कौतुकानं बघायला आले. फोटो सरळ दिसावा म्हणून त्यांनी मान वाकडी केली, ती दोन दिवस तशीच राहिली. शेवटी मानेचा एक्स-रे जावयालाच काढावा लागला.

"हा मात्र सरळ आलाय हो, जावईबापू," सासरे एक्स-रे बघून म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात रविवारी सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस होता आणि फोटो द्यायची मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती. बायकोची थोरली बहीण, म्हणजे ताई, सकाळीच नवाकोरा हार घालून हजर झाली. ताईंचा स्वभाव असा, की त्या खोलीत आल्या की खुर्च्यासुद्धा आपोआप ओळीत उभ्या राहतील.

"भावजी, सगळ्यांचा एक फोटो काढायचा. बाबांचा धड एक फोटो नाही घरात. आणि हार नीट दिसला पाहिजे."

"आणि तुम्हीही या हं फोटोत," बायको म्हणाली. "दरवेळी कॅमेऱ्यामागेच असता."

सगळे जमेपर्यंत पाच वाजत आले, तेव्हा एक्स-रेवाल्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी फोटो निघेल, अशी सोय करून ठेवली. मध्ये सासऱ्यांना बसवलं, बाजूला बाकीचे नऊजण उभे केले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. समोर ओळीनं उभी, सांगाल तसं ऐकणारी माणसं दिसल्यावर वीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून आपोआप बोलू लागली.

"गळ्यातलं काढा. कानातलंही. चष्मे, किल्ल्या, सगळं या ताटात ठेवा."

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण एकानंही 'का' म्हणून विचारलं नाही. ताटात भराभर ऐवज जमला. ताईंनी निमूटपणे हार काढून दिला. ताट कपाटावर गेलं.

"हनुवटी वर. खांदे पुढे. हं, आता मोठा श्वास घ्या."

दहा छात्या फुगल्या.

"धरा! हलू नका!"

एक्स-रेवाल्यांनी बटण दाबलं आणि फोटोत जाऊन उभं राहायचं सोडून ते टुणकन दाराआड गेले. दवाखान्यात बटण दाबायचं ते भिंतीआडूनच, त्यामुळे बटण आणि आडोसा ही जोडी त्यांच्या अंगातच मुरली होती. बाहेर दहाजण गाल फुगवून, डोळे वटारून थांबले होते. सासरे लालबुंद झाले होते. एक्स-रेला लागतो तेवढा वेळ गेल्यावर दाराआडून आवाज आला, "सोडा!"

दहाजणांनी एकदम श्वास सोडला. सासऱ्यांच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज निघाला. ते ऐकून बायको फिस्सकन हसली, ताई तिच्याकडे बघून हसल्या आणि सासरे स्वतःच्याच शिट्टीवर असे खदखदून हसले, की ताईंनी हसत हसत त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. दहा सेकंद नेमके तेव्हा पूर्ण झाले. खट्‌.

फोटो पाहिल्यावर ताईंचं हसू मावळलं.

"हे काय? गळा ओका, तोंड उघडं! अहो, मी काय तपासायला आले होते? पुसा तो. आत्ताच्या आत्ता."

"पुसतो, ताई."

"आणि हा कुणाला दाखवाल तर बघा! दुसरा काढा."

दुसरा काढला. कपाटावरचं ताट खाली आलं तेव्हा कुणाचं कानातलं कुणाच्या कानात गेलं, यावरून थोडी वादावादी झाली. सासरे तोवर बसल्या जागी पेंगले. फोटोत हार मात्र लखलखीत आला. हाराच्या वरच्या ताईही तितक्याच कडक आल्या.

घड्याळात साडेपाच वाजले होते. एक्स-रेवाले धावत छपाईच्या दुकानात गेले. पहिला पुसायचा राहिलाच होता, तोही छापून आला. दोन्ही एकाच पाकिटात घालून त्यांनी मंडळ गाठलं आणि हाराचा फोटो पुढे केला.

"हा सगळ्यांचा," सरांनी तो लगेच बाजूला ठेवला. मग पाकिटात डोकावून दुसरा काढला आणि दिव्याखाली धरला. "हा कुणी काढला?"

"मीच. म्हणजे, मी तेव्हा दाराआड होतो."

"ही माणसं अशी मोकळी कशी झाली?"

एक्स-रेवाल्यांनी श्वास घ्या, धरा, सोडा हे सगळं खरं खरं सांगितलं.

"अहो, हीच तुमची शैली! घट्ट धरायला लावायचं आणि सुटताना टिपायचं. दुसऱ्या कुणाला हे सुचणार नाही. या फोटोत तुम्ही दिसता."

"सर, पण तो पुसायचाय…"

"सहा वाजले," असं म्हणून सरांनी यादी बंद केली.

प्रदर्शनाच्या दिवशी तीन वर्षांनी हाती आलेली भिंत एक्स-रेवाल्यांना गोड लागेना. बायकोनं अभिमानानं सगळ्या माहेराला बोलावून ठेवलं होतं. दारातून ताई येताना दिसल्या आणि हे आपल्याच फोटोपुढे पाठ लावून उभे राहिले.

"जरा सरकता का? फोटो बघायचाय," एकजण म्हणाला.

"पुढचा बघा. पुढचा फार छान आहे."

"अहो, पण हाच चांगला आहे असं ऐकलंय."

"अफवा आहे!"

एवढ्यात ताई समोर आल्या. "भावजी, तुमचा फोटो कुठाय?"

"लावताहेत अजून. तुम्ही चहा घ्या ना, ताई."

ताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाल्या, "हनुवटी वर. मोठा श्वास घ्या. धरा. आणि आता बाजूला व्हा."

एक्स-रेवाले बाजूला झाले. त्यांचाही इलाज चालला नाही.

ताई फोटोकडे बघत राहिल्या. एक्स-रेवाल्यांनी श्वास अजून सोडला नव्हता.

"बाबा हसताहेत," ताई हळूच म्हणाल्या. "मी पन्नास वर्षं बघतेय. फोटोत कधी हसले नाहीत."

मागून एका अनोळखी बाईंनी विचारलं, "त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलेली ती मुलगीच ना त्यांची? किती गोड हसतेय!"

"मीच ती," ताई म्हणाल्या आणि नकळत गळ्यातल्या हारावर त्यांनी पदर ओढून घेतला. मग भावजींकडे वळल्या. "मला एक मोठा करून द्या. बैठकीत लावायचाय."

"सोडू का श्वास?" एक्स-रेवाल्यांनी विचारलं.

"सर म्हणतात, या फोटोत तुम्ही दिसता," ताई गेल्यावर बायको फोटोला नाक लावून म्हणाली. "कुठं? मला नुसतं दार दिसतंय."

सोमवारी एक्स-रेवाले शीळ घालत कामावर गेले. पहिल्याच रुग्णाला त्यांनी उभं केलं, श्वास घ्यायला लावला, धरायला लावला, आडोशाला गेले, प्रेमानं "सोडा" म्हणाले आणि मग बटण दाबलं.

अर्ध्या तासात एक्स-रे परत आला. डॉक्टर रविवारी प्रदर्शन पाहून गेले होते. त्यांनी सोबत चिठ्ठी जोडली होती : 'भिंतीवर लावायला उत्तम. उपचारासाठी परत काढावा.'