पारबताबाईंचं भांडण

मुखरूभाऊ कुठलंही वाक्य दोनदा बोलतात. आधी कुजबुजत, मग मोठ्यानं. टपरीवर बसल्या बसल्या स्वतःशीच पुटपुटणार, "एक कट चाय, साखर कमी." मग कोणीतरी आठवण करून दिल्यासारखी मान वर करून खणखणीत आवाजात, "एक कट चाय, साखर कमी!" टपरीवाला पहिल्या वेळीच चहा ओततो. पण दुसरं वाक्य झाल्याशिवाय भाऊ ग्लासाला हात लावत नाहीत.

सारी उमर त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. आमच्या ब्रह्मपुरीकडे धान कापून झालं की गावोगाव नाटकं लागतात. आज इथं, उद्या तिथं. नटांना पाठांतराला सवड कुठली? पडद्याआडून भाऊ बोलायचे आणि पुढे राजा, सासू, इन्स्पेक्टर सगळे तेच बोलायचे. "बोलले ते, पन बोललो मी," हे त्यांचं आवडतं वाक्य. तेही अर्थात दोनदा.

खोड एवढ्यावर थांबली असती तर गंमत होती. पण भाऊ दुसऱ्यांनाही वाक्यं पुरवतात. मागे उभे राहून कानाशी काहीतरी पुटपुटतात आणि तुम्ही ते बोलून मोकळे होता. एकदा मी बाजारात वांगी आणायला गेलो आणि पिशवीभर कारली घेऊन परतलो. मला कारली चालत नाहीत. भाऊंना फार आवडतात. बायकोनं फैलावर घेतलं तेव्हा कुठे आठवलं, मागे कोणीतरी उभं होतं खरं.

"तुमाले कोनीही प्रॉम्प्ट करते," सुनंदा म्हणाली. "मीच येवढ्या वर्सांपासून करून राह्यली, तं काई आयकू येत नाई."

मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. दिवाळी अंकांत माझे दोन-चार लेख छापून आलेत, त्यामुळे मी लेखक आहे असं निदान मला तरी वाटतं. भाऊंनाही तसंच वाटत असावं. एका दुपारी घरी आले, कुजबुजले आणि म्हणाले, "सर, जोडीनं लिवाचं हाये."

मला वाटलं, नाटक! पोस्टरवर कोणाचं नाव वर घ्यायचं याचा निकाल मी मनातल्या मनात माझ्या बाजूनं लावूनही टाकला.

"नाटक नाई. माह्या बाईचे डायलॉग."

पारबताबाई म्हणजे त्यांची बायको. मागच्या साली लकव्याचा झटका आला. हातपाय पुन्हा चालू लागले, पण बोलणं काही परत आलं नाही. भाऊंनी कानाशी सांगितलं, तर तेवढंच त्या बोलत. भाऊ कुजबुजणार, "जेवले का?" बाई म्हणणार, "जेवले का?" मग भाऊ उत्तर देणार, "जेवलो." वाघाच्या भीतीनं तसंही लोक सांजेला लवकर घरी परततात. पण भाऊंच्या घरावरून जाताना पावलं जरा जास्तच उचलतात. आतून एकच वाक्य दोन आवाजांत ऐकू येतं.

"मग माझं काय काम?" मी विचारलं.

"ते आता माह्यावानीच बोलते, सर. गोड बोलते. पारबता गोड नव्हती जी! दिवसभर भांडे. तिच्या तोंडून एक डाव भांडन आयकाचं हाये. पन आपल्याले आपनच शिव्या द्याच्या, तं हात हलका पडते."

आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून लिहू लागलो. माझं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही माझ्याकडे अक्षम्य दुर्लक्ष करता."

"हे बायको हाये का तहसीलदार?" भाऊ म्हणाले.

त्यांचं वाक्य होतं, "जेवून घ्या जी, थकले असान."

"याला भांडण म्हणायचं?" मी विचारलं.

मग भाऊंनी नेम घालून दिला. वाक्य कोणी लिहिलं ते ओळखू आलं, की काट मारायची. सुरुवातीला सगळ्यांवरच काट बसली. माझी वाक्यं इस्त्री करून यायची, त्यांची रडवेली व्हायची. शेवटी मी सुनंदाची बोलणी खाऊन तीच भाऊंकडे पोचवू लागलो. ऐकून ते म्हणायचे, "शबद बराबर. पन पारबता आधी भांडं आपटे, मंग बोले." मग आम्ही प्रत्येक वाक्याआधी एक भांडं लिहू लागलो.

हळूहळू माझं कुठलं, त्यांचं कुठलं ते आम्हालाच कळेना. एके दिवशी वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांना मी म्हणालो, "काऊन जी, इथी झोपाले येता का?" पोरं हसली नाहीत. मीही दचकलो. तो आवाज बाईमाणसाचा होता.

आणि मग ते वाक्य आलं. कागदावर अक्षर माझं. "माह्या मायनं देल्ली बकरी तुमी इकली, अन् मले सांगतलं वाघानं नेली."

भाऊ पांढरे पडले. "हे तुमाले कोनं सांगतलं?"

"तुम्हीच आत्ता कानाशी बोललात की!"

"मी? मी हे अजून पारबतालेही नाई सांगतलं!"

आम्ही दोघांनी आत पाहिलं. पारबताबाई आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होत्या. सुपाचा आवाज तेवढा येत होता.

"काट मारू या?" मी विचारलं.

"काऊन? कोनाचं हाये, वळखू येते का?"

"नाही."

"मंग नेमात बसते."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोग लागला. भाऊ जेवायला बसले. पारबताबाई समोर, आणि त्यांच्या मागे प्रॉम्प्टर म्हणून मी. मी कुजबुजलो. बाईंनी भाताचा गंज आपटला आणि सुरू झाल्या. "काऊन जी, पायाले भोवरा हाये का? घर हाये का धरमशाळा?" भाऊ मान खाली घालून ऐकत होते आणि गालातल्या गालात हसत होते. शिव्या खाताना असा पोटभर जेवणारा माणूस मी पाहिला नाही.

बकरीचं वाक्य आलं आणि माझी जीभ उचलेना. मी ते गाळायचं ठरवलं.

बाई थांबल्या. मग ते वाक्य त्या मोठ्यानं, सबंध बोलल्या.

भाऊंचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे मीच सांगितलं असं ते धरून चालले होते. "चुकलं माह्यं, पारबता," असं म्हणून ते पुन्हा जेवू लागले, अंगावरचं ओझं उतरल्यासारखे.

हे माझं नव्हतं, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात भाताचा गंज उचलायच्या निमित्तानं पारबताबाई माझ्या बाजूला वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "तुमीच सांगतलं म्हना, सर. मले पयल्यापासून मालूम होतं, हे त्याईले कळू देऊ नोका."