झेंड्याच्या मालकाची सही

सोमवार, तीन नोव्हेंबर रोजी दुपारी सव्वाचार वाजता थॉर्सबी मार्श गावातल्या चॅपल गल्लीतला चौदा नंबरचा दिवा गेला.

यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. दिवे जातात. ग्लेनिस थ्रेल बावीस वर्षं नगर परिषदेच्या चिटणीस होत्या. त्या काळात एकशे नऊ दिवे गेले होते आणि एकशे नऊ परत लागले होते. त्यासाठी एक फॉर्म होता. तो भरला की बुधवारी काझिक वायरमन शिडीची गाडी घेऊन यायचा, बल्ब बदलायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

तक्रार आली ती ग्लेनिसबाईंच्या शेजारच्या एडना सॉवर्बींकडून. एडनाबाई एकोणऐंशी वर्षांच्या. गल्लीच्या टोकाला वृद्धाश्रम होता, तिथे त्यांची मोठी बहीण असायची. तिला आता कुणी ओळखू येत नव्हतं, पण चहात बुडवलेलं बिस्कीट कोण भरवतंय एवढं कळायचं. म्हणून एडनाबाई रोज तीनला जायच्या आणि साडेचारला परत यायच्या. किनाऱ्यावरच्या त्या भागात नोव्हेंबरात साडेचारला डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही.

"ग्लेनिस, अगं तो चौदा नंबर गेलाय बघ. आज कुंपणाला धरून धरून आले."

"बुधवारी लागेल, एडनाबाई."

बुधवारी काझिक आला, वर बघितलं आणि गाडीतून उतरलाच नाही. खांबावर, दिव्याच्या बरोबर खाली, पांढऱ्यावर लाल फुली असलेला इंग्लंडचा झेंडा अकरा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेला होता. ऑगस्टपासून, स्थलांतरितांविरुद्धची लाट आल्यापासून, गावागावांत खांबांवर झेंडे चढत होते, त्यातलाच हा एक.

"बाई, खांबाला काही वस्तू बांधलेली असेल तर वस्तूच्या मालकाची सही लागते," काझिक म्हणाला. "आमच्या कंपनीचा नियम आहे. सहा मिनिटांचं काम आहे. झेंडा काढायचा, बल्ब बदलायचा, झेंडा परत बांधायचा. फक्त सही आणा."

झेंडा नगरसेवक रे गार्बट यांनी बांधला होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण बांधताना त्यांनी स्वतःच फोटो काढून घेतला होता आणि तो त्यांच्या कसायाच्या दुकानात सॉसेजच्या वर लावला होता. ग्लेनिसबाई फॉर्म घेऊन दुकानात गेल्या.

गार्बटनी हात पुसले आणि फॉर्म नीट वाचला.

"वस्तूचा मालक," ते म्हणाले. "ग्लेनिसबाई, झेंडा कुणाच्या मालकीचा नसतो. आपण झेंड्याचे असतो."

"ते खरं आहे. पण रकान्यात तसं लिहिता येणार नाही."

"मग रकाना चुकलाय. आणि सहा मिनिटं म्हणजे किती? आज सहा मिनिटं उतरवणार, उद्या सहा वर्षं. शिवाय तो वायरमन कुठला आहे?"

"पोलंडमधल्या ग्दिनियाचा. वीस वर्षं इथे आहे. तुमच्याकडूनच मटण नेतो."

"मटणाचं वेगळं," गार्बट म्हणाले. "मटण उतरवायचं नसतं."

ग्लेनिसबाई मग नगरसेविका इमोजेन फेल यांच्याकडे गेल्या. इमोजेनबाई लंडनहून येऊन इथे स्थायिक झाल्या होत्या आणि गावाच्या मागासलेपणाबद्दल त्यांना मनापासून जिव्हाळा होता. झेंड्यांविरुद्ध त्यांनी तीनदा निषेधाचे ठराव मांडले होते. त्या सही करू शकत नव्हत्या, पण झेंडा काढायला पाठिंबा देतील अशी ग्लेनिसबाईंना आशा होती.

"काढायला पूर्ण पाठिंबा," इमोजेनबाई म्हणाल्या. "परत बांधायला सक्त विरोध. परिषदेच्या आदेशाने परत बांधला, तर तो परिषदेचा झेंडा होतो."

"पण परत न बांधता काढता येणार नाही. गार्बट गप्प बसणार नाहीत."

"मग काढू नका. आणि काझिकसारख्या स्थलांतरित माणसाला तो झेंडा हाताळायला लावायचा, यात त्याचा किती अपमान आहे, याचा कुणी विचार केला का?"

ग्लेनिसबाईंनी काझिकला विचारलं.

"मला फक्त बल्ब बदलायचाय," काझिक म्हणाला.

हे उत्तर दोन्ही बाजूंना पटण्यासारखं नव्हतं, म्हणून नोंदवलं गेलं नाही.

नोव्हेंबरच्या सभेत विषय चर्चेला आला आणि परिषदेने बहुमताने तटस्थतेचा ठराव केला. झेंडा काढण्यात येऊ नये, तसाच तो ठेवण्यातही येऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. 'तात्पुरतं' या शब्दाची व्याख्या ठरवायला पाच जणांची उपसमिती नेमली. उपसमितीच्या दोन बैठका खुर्च्या कशा मांडायच्या यावर संपल्या, कारण डाव्या बाजूला बसायला गार्बट तयार नव्हते आणि उजव्या बाजूला इमोजेनबाई.

दरम्यान कुणीतरी पंधरा नंबरच्या खांबावर युरोपचा निळा झेंडा बांधला. त्याला उत्तर म्हणून सोळावर अमेरिकेचा लागला. का, ते कुणी सांगू शकलं नाही, पण त्याला उत्तर द्यायला हवं यावर सतरा नंबरवाल्यांचं एकमत झालं. नाताळापर्यंत गावातल्या एकतीसही खांबांवर झेंडे होते. एक तर चुकून डेन्मार्कचा होता. तो बांधणाऱ्याला पांढरा आणि लाल हे उलटे पडल्याचं उशिरा कळलं, पण आता काढला तर माघार घेतल्यासारखं दिसेल म्हणून तोही राहिला. दिवे मात्र आपल्या वेळेने जात राहिले. जानेवारी उजाडला तेव्हा नऊ दिवे बंद होते.

परिषद स्वस्थ बसली होती असं नाही. नागरिकांना मोफत टॉर्च वाटायचं ठरलं. टॉर्च लाल असावेत की निळे, यात पक्षांचे रंग आले. हिरव्यात तर तिसराच पक्ष आला. शेवटी करड्या रंगावर तडजोड झाली. करडा टॉर्च अंधारात हातातून पडला तर सापडायचा नाही, ही अडचण ग्लेनिसबाईंनी मांडली. ती पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यात आली.

पुढच्या सभेच्या दोन दिवस आधी, बारा जानेवारीला, एडनाबाई चौदा नंबरच्या खांबाखाली घसरून पडल्या. चाळीस मिनिटं त्या तिथेच होत्या. शेवटी झेंड्यांची मोजदाद करायला पाठवलेल्या काझिकच्या गाडीचा उजेड त्यांच्यावर पडला. त्याने आपला कोट काढून त्यांच्यावर घातला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो रस्त्यावर मांडी घालून त्यांचा हात धरून बसला.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

ग्लेनिसबाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या. उशीवर एडनाबाईंचा चेहरा एवढासा दिसत होता.

"माझ्या बहिणीला बिस्कीट कुणी दिलं का गं?"

"मी देऊन आले."

"बुडवून दिलंस ना? कोरडं ती थुंकते."

"बुडवून दिलं." ग्लेनिसबाईंनी त्यांची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, "एडनाबाई, मी तुम्हाला बुधवारी लागेल म्हणाले होते."

"कुठला बुधवार ते नव्हतीस म्हणाली," एडनाबाई म्हणाल्या, आणि हसल्यावर दुखलं म्हणून डोळे मिटून घेतले.

त्याच दुपारी गार्बट फुलं घेऊन दवाखान्यात आले. संध्याकाळी इमोजेनबाई आल्या, त्यांच्या हातात बिनसाखरेचा केक होता. एडनाबाईंनी दोघांना एकच गोष्ट सांगितली: "पडल्या पडल्या वर बघत होते. केवढं मोठं कापड आहे हो ते. थंडी इतकी होती, वाटलं कुणी काढून अंगावर घातलं तर बरं. आणि तेवढा दिवा लावा."

शनिवारी दोन पत्रकं निघाली. गार्बटच्या पत्रकाचा मथळा होता, 'मरणाच्या दारातही तिला झेंडाच अंगावर हवा होता'. इमोजेनबाईंच्या पत्रकावर होतं, 'झेंड्याने घेतला वृद्धेचा बळी', आणि खाली बारीक अक्षरात, 'प्रकृती स्थिर'. दिव्याचं वाक्य जागेअभावी दोन्हीकडे गाळलं होतं.

ग्लेनिसबाईंनी दोन्ही पत्रकं वाचली, घडी करून फाईलला लावली आणि कपाटातून फॉर्म काढला. 'वस्तूच्या मालकाचे नाव' या रकान्यात त्यांनी बावीस वर्षांच्या त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं: ग्लेनिस थ्रेल. खाली सही केली आणि काझिकला फोन लावला.

काझिकने फॉर्म वाचला, मग त्यांच्याकडे बघितलं.

"बाई, झेंडा तुमचा?"

"कुणाचाच नाही म्हणतात. मग माझा असायला कुणाची हरकत नसावी."

भर दुपारी दोन वाजता त्याने झेंडा उतरवला, बल्ब बदलला, झेंडा होता तसा अकरा पट्ट्यांनी परत बांधला. सहा नाही, सात मिनिटं लागली. झेंडा घडी करून ठेवायला एक मिनिट जास्त गेलं. चार वाजता दिवा लागला. गल्लीतून येणारी एक बाई उजेडात थांबली, वर बघितलं आणि दचकून पुढे गेली.

मंगळवारी तातडीची सभा बोलावली गेली.

"चिटणीसबाईंनी झेंडा चोरला," गार्बट म्हणाले. "परत ठेवला म्हणून चोरी पुसली जात नाही."

"चिटणीसबाईंनी लेखी कबूल केलंय की हा झेंडा त्यांचा आहे," इमोजेनबाई म्हणाल्या. "म्हणजे इतके महिने आपण ज्यांना तटस्थ समजत होतो, त्यांची निष्ठा कुठे होती ते कळलं."

"एडनाबाईंचं हाड मोडलंय," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"त्याबद्दल सभागृहाला खेद आहे," अध्यक्ष म्हणाले. "तो मागच्याच आठवड्यात नोंदवला."

ग्लेनिसबाईंना चौकशी होईपर्यंत निलंबित करण्यात आलं. ठरावाच्या बाजूने गार्बट आणि इमोजेनबाई या दोघांचे हात एकाच वेळी वर गेले. परिषदेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. ही नोंद इतिवृत्तात ग्लेनिसबाईंनीच केली, कारण इतिवृत्त लिहिता येणारं दुसरं कुणी नव्हतं.

प्रश्न उरला दिव्याचा. निर्णय होण्याआधीच तो लागला होता, त्यामुळे बंद करणं भाग होतं. पण बल्ब काढायचा तर पुन्हा झेंडा उतरवावा लागणार, आणि त्यासाठी पुन्हा मालकाची सही. तेव्हा खांबावर एक पाटी लावण्यात आली: 'हा दिवा अधिकृतपणे बंद आहे. उजेडाचा वापर नागरिकांनी स्वतःच्या जबाबदारीवर करावा.' पाटी रात्रीसुद्धा स्पष्ट वाचता यायची.

या उजेडाला मान्यता द्यावी का, यावर जनमत घ्यायचं ठरलं. इंटरनेटवर, खुलं. पत्त्याची अट नसावी ही सूचना गार्बटची, कारण खरे देशभक्त सगळीकडे असतात. इमोजेनबाईंनी तिला लगेच अनुमोदन दिलं, कारण न्यायाची चाड असलेली माणसंही सगळीकडे असतात. गावाची वस्ती दोन हजार नऊशे. मार्चअखेर अडतीस हजार सहाशे बारा उत्तरं आली. मोजायला निलंबित ग्लेनिसबाईंनाच बसवलं, विनावेतन, कारण परिषदेच्या संगणकाचा पासवर्ड त्यांनाच ठाऊक होता.

एप्रिलमध्ये एडनाबाई वॉकर घेऊन घरी आल्या. ग्लेनिसबाई छापून काढलेल्या उत्तरांचे गठ्ठे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून बसायच्या. आता संध्याकाळी आठपर्यंत उजेड असायचा. चौदा नंबरची कुणाला आठवणही नव्हती.

"गावातली किती उत्तरं आली गं?"

"एकसष्ट. त्यातली चाळीस कचरागाडीबद्दल आहेत."

"आणि बाकीची?"

"टेक्सासहून अकरा हजार. त्यांना दिवा बंद हवाय. फ्रान्सच्या लियोंहून चार हजार. त्यांना चालू हवाय, पण खांब नकोय. बुडापेस्टच्या एका माणसाने आपल्याला गद्दार म्हटलंय, पण कुणाला म्हटलंय ते नीट कळत नाही."

एडनाबाईंनी बिस्कीट चहात बुडवलं. "हे जाडजूड कुणाचं?"

"भारतातून आहे. सातारा नावाच्या गावाहून एका गृहस्थांनी पाठवलंय. नऊ पानं आहेत." ग्लेनिसबाईंनी चष्मा वर केला. "फार विचार करून लिहिलंय हो. इंग्लंडचं कुठे चुकलं, युरोपचं कुठे चुकलं, अमेरिका कशी बुडणार, सगळं मुद्देसूद आहे. गार्बटना दोन पानं झापलंय, इमोजेनबाईंना तीन. रोज जेवण झाल्यावर आपल्या गावच्या बातम्या बघतात म्हणे. त्याच्याशिवाय झोप येत नाही."

"आपल्या गावच्या? बरं. आणि दिव्याबद्दल काय म्हणतात?"

ग्लेनिसबाईंनी शेवटचं पान उलटलं. प्रश्न सातवा होता, 'आपण या दिव्याच्या उजेडाचा वापर शेवटचा कधी केला?'

"लिहिलंय, 'लागू नाही. आमच्या स्वतःच्या दारासमोरचा दिवा गणपतीपासून बंद आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी त्यामुळे दोनदा पडल्या. पण तो स्थानिक प्रश्न आहे.'"

"गणपती म्हणजे कधी?"

"महिना असावा. बघते." त्यांनी कागदावर तशी नोंद केली.

एडनाबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांनी तक्रार केली का गं तिथे?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "त्यांना आपली काळजी आहे."