चिखलात वजन मोजणारे बाळारामशेठ

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बाळारामशेठांची गाडी उभी राहायची, तिथे आता अर्धी कापलेली पाण्याची टाकी आहे, काठोकाठ चिखलाने भरलेली. आमच्या मानपाड्यात चिखलाची ददात नाही, पण शेठना तो खाडीचाच लागतो. टेम्पोने आणवतात. रोज सकाळी हाफपॅंट घालून ते त्या टाकीत उतरतात आणि एकेक पाय उपसून काढतात. शंभर वेळा, मोठ्याने मोजत.

शेठ साठीचे, इथले मूळचे आगरी. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. शेती सुटली, खुर्ची आली आणि बघता बघता शेठ एकशे अठरा किलोंवर गेले. आता त्यांना ते उतरवायचंय, कारण त्यांना शिकारीला जायचंय. शिकार चिंबोरीची, म्हणजे खाडीतल्या मोठ्या खेकड्याची. तीही जाळ्याने नाही. चिखलात आडवं होऊन, बिळात खांद्यापर्यंत हात घालून.

"चिंबोरी सोपी हाय, मास्तर," ते मला म्हणाले. "पन बिलाशी हाताच्या आदी माजं पोट पोचतं."

पहिल्या खेपेला ते मांडीपर्यंत रुतले. चार जणांनी दोर लावून ओढलं, काठावर अख्खं गाव हसायला जमलं. दुसरा कुणी लाजेने घरी बसला असता. शेठनी टाकी कापून आणली.

वजनकाट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "काटा खोटा बोलंल, चिखल नाय बोलाचा!" पाय जिथवर रुततो, तिथे ते लाल दोरा बांधतात. दोरा गुडघ्याखाली उतरला त्या दिवशी त्यांनी वॉचमनपासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पाय दाखवला. मीही पाहिला, चष्मा लावून, वाकून.

पण खरी कसोटी लागली ती लग्नसराईत, हळदीच्या दिवसांत. आगऱ्यांच्या हळदीत मटण-भाकरीला नको म्हणणं हा यजमानाचा अपमान. शेठ घरून दुधीच्या भाजीचा डबा न्यायचे आणि पंगतीत बसून तोच खायचे. शेठ रुसले, असं समजून एक मेहुणे दोन वडीलधाऱ्यांना घेऊन समजूत काढायला आले. शेठनी तिघांनाही टाकीपाशी नेलं आणि दोरा दाखवला. मंडळी चहा न घेताच परत गेली. असा निग्रह मी जन्मात पाहिला नाही. माझा स्वतःचा सोमवारचा उपास साबुदाणा खिचडीच्या दोन बशांशिवाय पार पडत नाही.

हे सगळं कशासाठी, ते शेठच्या बायकोने, वहिनींनी सांगितलं. शेठची थोरली बहीण, ते तिला बाय म्हणतात, खाडीकाठच्या गावात राहते. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. हल्ली तिला माणसं ओळखू येत नाहीत. शेठ बाजारातून टोपलीभर चिंबोऱ्या घेऊन गेले, तर म्हणाली, "तुमी कोन, शेठ? माजा बाल्या काटकुला हाय. तो चिंबोऱ्या धरतो, इकत नाय घेत."

तिथून आल्यावर शेठ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी खाडीत उतरले, आणि रुतले.

सात महिन्यांनी, एका मोठ्या ओहोटीला मी त्यांच्यासोबत गेलो. शेठ तीस किलोंनी उतरले होते. ते त्या चिखलातून चालत गेले, खरोखर चालत गेले. मग आडवे झाले, गाल चिखलाला टेकवला आणि हात आत घातला. पहिली दोन बिळं रिकामी. तिसऱ्यात कितीतरी वेळ काहीच हललं नाही. हात बाहेर आला तेव्हा बोटातून रक्त येत होतं आणि मुठीत एक भलीमोठी काळपट चिंबोरी नांग्या उगारत होती. काठावर मी एकटाच वेड्यासारखा टाळ्या वाजवत होतो.

चिंबोरी दोरीने बांधली आणि तसेच माखलेले ते बायच्या दारात गेले. बाय ओट्यावर बसली होती. मी मागे उभा राहून सगळ्या देवांना हात जोडले. तिने शेठकडे पायांपासून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिची नजर त्यांच्या हाताकडे गेली.

"एकच?" ती कडाडली. "सकालपासून एकच गावली रं, बाल्या?"

"उद्या आनतु, बाय, उद्या जास्ती आनतु," असं म्हणत आमचे बाळारामशेठ तिच्या पायाशी बसले आणि लहान पोरासारखे रडले.