झोन क्रमांक दोन बंद आहे

आमच्या शेजारच्या घरात कोणाला उकडतंय की थंडी वाजतेय, हे त्या माणसाला विचारायची पद्धत नाही. ते भिंतीवरच्या डब्याला विचारतात. एकदा उन्हातून चालत आलो होतो. सदरा पाठीला चिकटला होता, आणि बसता बसता मी सहज म्हणालो, "अप्पा, फार उकडतंय हो." अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाळावरचा चष्मा खाली ओढला, डब्यापाशी गेले, वाचलं आणि सांगितलं, "न्हाय उकडत. सव्वीस हाय." त्यानंतर मला घाम पुसायची चोरी झाली.

अप्पा म्हणजे रेवणप्पा. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत ते तीस-बत्तीस वर्षं हवेच्या खात्यात होते. गिरणीत सूत कातायचं तर हवा दमट लागते. कोरडी झाली की सूत पटापट तुटतं. म्हणून हवेत ओल किती, ऊब किती हे दर तासाला वाचायचं, वहीत लिहायचं आणि त्याप्रमाणे पाण्याचे फवारे कमी-जास्त करायचे, हे त्यांचं काम. पुढे गिरणी बंद पडली, खातं मोडलं. अप्पा मोडले नाहीत, हे आम्हा शेजाऱ्यांचं दुर्दैव.

त्यात पुण्यातल्या मुलाने घर गार करायची नवी यंत्रणा बसवून दिली. गच्चीवर एकच मोठं मशीन. तिथून छतातल्या नळ्यांमधून हवा खोल्याखोल्यांत जाते. प्रत्येक खोलीच्या तोंडाशी एक झडप. कोणती झडप उघडायची, कोणती मिटायची आणि कुठे किती गार ठेवायचं, हे हॉलमधल्या डब्यावर बोटाने ठरवायचं. एकेका खोलीला म्हणायचं झोन. मुलाला वाटलं, आईवडिलांचा उन्हाळा सुखाचा जाईल. आपण वडिलांना गिरणी परत देतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

हे सगळं नुसतं गमतीचं राहिलं असतं. पण या मे महिन्यात त्या डब्यापायी शांताकाकू, म्हणजे अप्पांची बायको, घर सोडून मुलीकडे अकलूजला निघून गेल्या. त्या परत येतील की नाही, हे त्यांच्या मुलीलाही सांगता येत नव्हतं.

मला हे सगळं जवळून दिसलं, कारण दुपारी मी तिथेच असे. माझी पत्नी जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी त्याआधीच संपली होती. जेवणं झाली की कुंपणापलीकडून अप्पांची हाक येई, "ओ सर, झोन एकला जागा हाय." मी पुस्तक घेऊन जाई. आत पाऊल टाकताच दुसरी हाक, "दार!" दार मी लावलेलं असे. तरीही ते म्हणत. गिरणीत ज्याने एकदा दार उघडं टाकलं त्याला ते वर्षभर 'दार' याच नावाने हाक मारीत, असं त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं होतं.

झोन एक म्हणजे हॉल, दोन स्वयंपाकघर, तीन निजायची खोली आणि चार देवघर. अप्पा त्यांना खातीच म्हणत. आणि खाती म्हटली की पाळ्या आल्या. दुपारी तीनला पाळी बदले. हॉलची झडप बंद, निजायच्या खोलीची सुरू. तेव्हा हॉलमध्ये जो कोणी असेल त्याने उठून तिकडे जायचं. मी वाक्याच्या मध्यात असलो तरी उठायचं. एकदा काकूंच्या भाचीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा, त्याचे आईवडील, मामा. पोह्यांच्या बशा हातात आल्या आणि तीन वाजले. अप्पा उभे राहिले. "चला, पाळी बदलली." पाहुण्यांना वाटलं, ही या घरातली काही रीत असेल. सगळे निमूटपणे आत गेले आणि मुलीची माहिती त्यांनी पलंगावर मांडी घालून विचारली. लग्न जमलं. अप्पा अजून सांगतात, "पंचवीसवर ठिवलं हुतं, म्हनून जमलं. तिसावर भांडनं झाली असती."

एवढ्या सगळ्यात स्वयंपाकघराची झडप मात्र सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते आठ बंद. म्हणजे नेमकी काकू तिथे उभ्या असतील तेव्हा. याला अप्पांकडे कारण होतं, आणि त्यांच्या प्रत्येक कारणासारखं ते बिनतोड होतं. शेगडी पेटली की खोली तापते. खोली तापली की डबा सगळा गारवा तिकडेच ढकलतो. मग बाकीची खाती उपाशी.

"समदं घर गार करताय," काकू म्हणत, "आन् जिथं जाळ हाय ती खोली तेवढी बंद. कुटलं शास्त्र हे?"

"त्याला लोड म्हन्तेत, शांता. लोड असला की खातं वेगळं काढायचं."

"मग मी बी लोडच की."

अप्पांनी यावर थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "थोडा."

या माणसाला आपण काय बोलतो ते कळतं का, असा प्रश्न मला पडे. ज्वारीची भाकरी करणाऱ्या बाईचं तोंड तव्यासमोर कसं होतं, हे बघायला डबा लागत नाही.

एके दिवशी सकाळी मी त्यांचं वर्तमानपत्र परत द्यायला गेलो, तर हॉलमध्ये धप् धप् आवाज. छतातल्या जाळीखाली, बरोबर गार झोतात, काकू बसलेल्या. पुढे छोट्या सिलिंडरवरची शेगडी, त्यावर तवा, मांडीशी परात. भाकरी थापणं चाललेलं.

"शांता, हॉल हाय ह्यो!" अप्पा ओरडले.

"झोन एक हाय. तुमीच म्हन्ता की."

डब्यावरचा आकडा चढायला लागला. सत्तावीस. अठ्ठावीस. अप्पा मोठ्याने वाचत होते, जणू कोणी चोर जिना चढून येतोय. तीसला त्यांनी हॉलची झडप मिटली. काकूंनी शांतपणे परात उचलली, शेगडी उचलली आणि झोन तीनमध्ये जाऊन बसल्या. अप्पांनी तीन मिटला. काकू देवघरात. अप्पांनी चार मिटला. दोन तर मिटलेलाच होता. भाकऱ्या मात्र होत राहिल्या.

मशीन गच्चीवर घुमत होतं आणि गारवा जायला जागा नव्हती. अर्ध्या तासाने वर काहीतरी कडकडलं, घरघरलं आणि थांबलं. देवघराच्या छतातून थेंब पडायला लागले.

मशीनवाला सादिक आला. गच्चीवरून खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात बर्फाचा चांगला मुठीएवढा खडा होता. मे महिन्यात, सोलापुरात.

"चाचा, सब झोन बंद कर दिये तो हवा जायेगी किधर? पाइपपे बरफ जम गया. एक तो झोन खुला रखनाच पडता."

"कुटला?" अप्पांनी वही उघडली.

"कोई बी. जिसमें आदमी बैठा है, वो."

काकू दारात उभ्या होत्या. "ऐकलं का?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी होती.

"मी जाईन तितं झडप पडती," त्या म्हणाल्या. "मी मंगलकडं जाती. आता चारी खाती उघडा. कुनाचा लोड न्हाय."

अप्पा म्हणाले, "दार."

मला वाटतं, त्यांना दुसरं काही म्हणायचं असेल. पण सवयीने तोंडातून तेच आलं. काकूंनी जाताना दार लावलं नाही.

पुढचे दोन दिवस अप्पा जिंकल्यासारखे वागले. "बघा सर. दिवसभर एका डिग्रीचा फरक न्हाय." खरोखरच नव्हता. माणूस नसलेल्या घराचं तापमान फार शिस्तीत राहतं. हे मी त्यांना सांगू शकलो असतो, पण सांगितलं नाही. माझ्या घरी राहायला कोणी उरलं नव्हतं ते माझ्या हातात नव्हतं. या गृहस्थांनी बोटाने दाबून दाबून घर रिकामं केलं होतं, आणि वर त्याचे आकडे मला वाचून दाखवत होते. मला त्यांचा राग येत होता. तरीही मी रोज दुपारी जात होतो.

काकूंनी करून ठेवलेल्या कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगांच्या चटणीची बरणी, यावर त्यांचं जेवण चाललं होतं. संध्याकाळी काकूंचा फोन येई. नवऱ्याला नाही, मला.

"सर, जेवतेत का?"

"जेवतात."

"गोळी?"

"घेतात."

"बरं." ठेवला.

अप्पा कुंपणापाशी झाडाला पाणी घालत उभे असत. पहिल्या दिवशी विचारलं, "कुनाचा फोन?"

"अकलूजचा."

पाणी आळ्यातून वाहून माझ्या अंगणात आलं तरी ते घालतच राहिले. मग म्हणाले, "तितं किती हाय?"

"काय किती?"

"टेंपरेचर."

मी वर्तमानपत्रात बघून त्रेचाळीस सांगितलं. ते आत गेले आणि बराच वेळ डब्यासमोर उभे असलेले मला खिडकीतून दिसले. डबा फक्त चार खोल्यांचं सांगत होता.

आठवड्याने त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. ताव आखून, समास सोडून, सुवाच्य अक्षरात: 'नोटीस. सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, उद्यापासून झोन क्रमांक दोन दोन्ही पाळ्यांत चोवीस अंशांवर चालू राहील. लोडबाबत तक्रार घेतली जाणार नाही. हुकुमावरून.' खाली सही, आणि गिरणीतला हुद्दा.

"तुमी जाऊन देता का सर? तुमचं बोलनं ऐकती ती."

"अप्पा," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच जरा वर गेलेला ऐकू आला, "नोटीस गिरणीच्या फाटकावर लावतात. बायकोकडे माणूस जातो."

"मशीनला कोन बघंल?"

"बंद करा ते."

अशी सोय त्या यंत्रात असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलेलं नसावं, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी घालून माझ्या दाराशी हजर. त्यांच्या गच्चीवरून आवाज येत नव्हता, घर गप्प होतं. आम्ही अकलूजची एसटी धरली. गाडीत त्यांनी उन्हाकडच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायचा हुकूम काढला. पुढच्या बाकावरची कोंबडीची टोपली सांभाळणारी बाई म्हणाली, "आजोबा, तुमीच उतरा की. आमाला आपसूक गार वाटंल." सगळी गाडी हसली. एरवी अप्पांनी तिला खात्याचे नियम ऐकवले असते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मंगलचं घर उसाच्या कडेला. पुढे दोन पक्क्या खोल्या, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि काकू त्या पत्र्याखाली भाकऱ्या थापत होत्या. आम्ही येतोय आणि जेवलेलो नाही, हे मी एसटीतून मंगलला फोनवर कळवलं होतं.

"आलात?" काकूंनी मान वर केली नाही. "मशीनला कोन बघतंय?"

"बंद केलं."

हात क्षणभर थांबला. "पानी दे गं त्यांना," त्या मंगलला म्हणाल्या आणि पुन्हा थापायला लागल्या.

अप्पा दाराजवळच्या पाटावर टेकले. नोटीस खिशातून अर्धी बाहेर आली होती. त्यांनी ती आत ढकलली. पत्रा तडतडत होता. मागच्या भिंतीला पश्चिमेकडे एक खिडकी, तिला ना दार ना पडदा. तिच्यातून ऊन सरळ काकूंच्या पाठीवर पडलं होतं आणि झळ आत येत होती. अप्पा त्या खिडकीकडे बघत होते. मी मनात म्हटलं, आता हे आकडा सांगणार आणि सगळं संपणार.

ते उठले आणि बाहेर गेले.

मंगल घाबरली. "रागावून गेले का ओ सर? आये, तू जरा नीट बोलायचं की."

काकूंनी तव्यावर पुढची भाकरी टाकली.

मग खिडकीतलं ऊन गेलं. बाहेरून कोणीतरी पोतं टांगत होतं. चिंब भिजलेलं, पाणी गळणारं. दोन्ही टोकं सुतळीने गजांना आवळली गेली. दुसऱ्याच क्षणी वारा त्या ओल्या पोत्यातून आत आला आणि मला अंगावर काटा आल्यासारखं झालं. पलीकडून तांब्याने पाणी मारल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा.

"अप्पा, हौदावर ऊन हाय, आत या की!" मंगल ओरडली.

"वाळतंय की ते," बाहेरून आवाज आला.

काकूंनी पदराने मान पुसली. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपायला लागली होती आणि त्या खिडकीकडेच बघत होत्या. मग बोलल्या, पण मंगलकडे न बघता, मलाच सांगावं तसं.

"गिरनीच्या चाळीत ऱ्हात हुतो, सर. पत्र्याचंच घर. ही मंगल पोटात हुती. डॉक्टरीन म्हनली, तुला ऊन सोसायचं न्हाय. तर ह्यांना अर्ध्या घंट्याची जेवायची सुट्टी. पळत यायचे, पोतं भिजवायचे, बांधायचे, पानी मारायचे, की झाला भोंगा. पळत परत. ताट वाढलेलं तसंच ऱ्हायचं. समदा उन्हाळा." त्या थांबल्या. "बोलायचे न्हाईत तवा बी कायच."

मंगल वडिलांकडे जायला उठली होती, ती तिथेच उभी राहिली. ही गोष्ट तिलाही नवी होती. तिने हळूच विचारलं, "आये, मग संध्याकाळच्या गाडीनं जाती का सोलापूरला?"

"उद्या जाऊ." काकूंनी करपलेली भाकरी बाजूला काढली आणि परातीतलं पीठ पुन्हा हातात घेतलं. नवी भाकरी त्यांनी घाई न करता थापली, दोन्ही बाजूंनी भाजली, फुगली तशी ताटात घेतली. वर चटणी, त्यावर तेलाची धार.

"आज ऱ्हाऊ दे त्यांना हितंच," त्या म्हणाल्या. "लई वर्सांनी जेवायच्या सुट्टीत घरी आल्यात."

आणि ताट घेऊन त्या उन्हात गेल्या.