आल्गोटचं न हलणारं माउंट

माणूस कधीच चुकत नाही. त्याच्याजवळची एखादी वस्तू सैल झालेली असते, एवढंच. आमच्या शिकारमंडळाचा सगळा कारभार या सत्यावर उभा आहे आणि आजवर तो अत्यंत सुरळीत चालत आला आहे.

सप्टेंबरात मूसची, म्हणजे सांबरासारख्या अवाढव्य हरणाची, शिकार सुरू झाली, की उत्तरेकडच्या येम्टलांड प्रांतातल्या बाकीच्या गावांसारखं आमचंही गाव बंद होतं. दातांचा डॉक्टर जंगलात, पोस्टमन जंगलात, शाळेचा मुख्याध्यापकही जंगलात. (दाढेला दुखायचं असेल तर तिनं ऑगस्टमध्ये दुखून घ्यावं, असा संकेत आहे.) हाकारे कुत्री घेऊन एका बाजूनं शिरतात, बाकीचे आपापल्या ठाण्यावर बंदूक घेऊन बसतात, आणि घोड्याहून उंच असा तो मूस शेवटी कुणाच्या तरी पुढ्यात येऊन उभा राहतो. मग बंदूक वाजते. मग मूस निघून जातो.

निघून गेलेल्या प्रत्येक मूसची रीतसर चौकशी होते. सगळे शेकोटीभोवती जमतात, काठीला सॉसेज टोचून भाजायला धरतात आणि मंडळाचा प्रमुख टोर्केल विचारतो, "काय झालं?" गोळी झाडणाऱ्यानं नारिंगी टोपी काढायची, बंदुकीवरच्या दुर्बिणीकडे खेदानं पाहायचं आणि म्हणायचं, "हललं." म्हणजे दुर्बिणीला बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या कड्या आणि पट्टी, ज्याला माउंट म्हणतात, ते सैल पडलं. सगळे माना डोलावतात. चौकशी संपते आणि कॉफी मिळते. मंडळाच्या आकडेवारीनुसार आजवर चुकलेल्या गोळ्यांपैकी शंभर टक्के गोळ्या माउंटमुळे चुकलेल्या आहेत. (पोस्टमननं एकदा वाऱ्याचं कारण पुढे केलं होतं. त्याला समज देण्यात आली.)

अशा या आदर्श व्यवस्थेला धोका निर्माण झाला तो माझ्या बहिणीच्या नवऱ्यामुळे. त्याचं नाव आल्गोट. स्वभावानं गाय. दलदलीकाठचा मोठा खडक हे त्याचं ठाणं. आधी ते त्याच्या बापाचं होतं, त्याआधी आजोबांचं. तिघांनी मिळून बसून बसून त्या खडकाला बैठकीचा आकार आणलाय. आल्गोटला गावात दुसरी इस्टेट नाही आणि नकोही आहे. तर या आल्गोटचं माउंट लागोपाठ तीन वर्षं हललं.

"हे बघ आल्गोट," टोर्केल म्हणाला, "एकदा हलतं, दोनदा हलतं, समजू शकतो. पण तुझं जरा जास्तच हलायला लागलंय. न हलणारं माउंट घे. पुढच्या वर्षीही मूस गेला, तर तू किटलीवर, आणि खडक स्टूरेला."

किटलीवर जाणं म्हणजे बंदूक घरी ठेवून मंडळासाठी कॉफी उकळत बसणं. स्टूरे हा टोर्केलचा जावई. (हा निव्वळ योगायोग आहे.)

आल्गोटचा चेहरा पडला. मला खरंच वाईट वाटलं, म्हणून मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसरं सॉसेज घेतलं.

तो हिवाळा आल्गोटनं माउंट निवडण्यात घालवला. लोक बायको निवडताना इतकी चौकशी करत नाहीत. हे वाक्य माझं नाही, माझ्या बहिणीचं, हिल्डूरचं आहे. पोलादाचं घ्यावं की ॲल्युमिनियमचं? कड्या सुट्या असाव्यात की पट्टीसकट एकसंध? दुर्बीण चटकन काढता येणारं घ्यावं की कायमचं ठोकून बसवावं? गावात यावर दोन तट पडले. पोलादवाले आणि ॲल्युमिनियमवाले चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. (पाद्री ॲल्युमिनियमवाला. पण प्रवचन मात्र जडच.)

शेवटी आल्गोटनं एकसंध पोलादी माउंट आणलं. भोकांतलं तेल पुसून काढलं. किती जोर लागला ते सांगणारा पाना आणला. एक स्क्रू थोडा, मग समोरचा थोडा, मग पुन्हा पहिला, असं करत सगळे आवळले. आट्यांना डिंक लावला. आणि शेवटी हिल्डूरचं लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक स्क्रूपासून कडीपर्यंत एक बारीक रेघ ओढली. स्क्रू केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसणार.

"माझं नेलपॉलिश कुठंय?" हिल्डूरनं विचारलं.

"माउंटवर."

"अरे वा! लग्नात मला अंगठी घातलीस ती बोटातून दोनदा पडली, आणि त्या लोखंडाला डिंक, रेघा, सगळे लाड! आता ते हलत नाही आणि तूही हलत नाहीस. अंगणातला बर्फ कोण काढणार, मूस?"

आल्गोट हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "हिल्डूर, तो खडक गेला तर मी दादांना काय सांगू?" दादा, म्हणजे त्याचा बाप, जाऊन बरीच वर्षं झालीत. हिल्डूर फावडं घेऊन बाहेर गेली.

ऑगस्टमधल्या नेमबाजीच्या परीक्षेत, रुळांवरून पळणाऱ्या लाकडी मूसवर, आल्गोटच्या साऱ्या गोळ्या एका कपाएवढ्या जागेत लागल्या. माउंट पक्कं आहे, हे निर्विवाद सिद्ध झालं.

सप्टेंबर उजाडला. पहिल्याच सकाळी कुत्री भुंकली आणि खडकापुढे मूस आला. अगदी कॅलेंडरवरच्यासारखा, आडवा, निवांत. पलीकडच्या ठाण्यावरून मी सगळं बघत होतो. मूसनं मान वळवून आल्गोटकडे पाहिलं. आल्गोटचे हात कापायला लागले. माउंट इतकं पक्कं, की हातांचा सगळा कंप कुठेही न सांडता दुर्बिणीत जसाच्या तसा पोचला. बंदूक वाजली. मूस निघून गेला.

शेकोटीभोवती मंडळ जमलं. टोर्केलनं विचारलं, "काय झालं?"

आल्गोटनं टोपी काढली. दुर्बिणीकडे पाहिलं. पण ठरलेला शब्द म्हणायच्या जागी टोपी चुरगाळत राहिला.

टोर्केल माणूस वाईट नाही. शिवाय त्याला लांबचं दिसतं. हे माउंट हललं नाही असं एकदा नोंदलं गेलं, तर आजवर हललेल्या सगळ्या माउंटांचं काय, हा प्रश्न उभा राहतो. त्यात त्याची स्वतःची माउंटं बरीच होती. त्यानं बंदूक मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "रेघ तुटलीय."

"हो, तुटलीय," मुख्याध्यापक म्हणाला.

"चांगलीच तुटलीय," पोस्टमन घाईघाईनं म्हणाला. (त्याला एकदा समज मिळालेली होती.)

बंदूक हातोहात फिरली. रेघ अखंड होती, लालभडक होती, आणि सर्वानुमते तुटली होती.

"कारखान्याचा दोष," टोर्केलनं निकाल दिला. "आल्गोटचा काय दोष त्यात? आणखी एक वर्ष देऊ. खडक त्याच्याकडेच राहू दे."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आता आल्गोटनं एवढंच म्हणायचं होतं, हललं. बापाचं ठाणं वाचत होतं, इज्जत वाचत होती, कॉफी गरम होती. आल्गोटनं बंदूक परत घेतली, त्या रेघेवरून अंगठा फिरवला, आणि गाढवपणा केला.

"नाही तुटलेली," तो म्हणाला. "माउंट हललं नाही. माझे हात हलले. मूस माझ्याकडे बघतो ना, तेव्हा हलतात."

शेकोटीत कुणाचं तरी सॉसेज पडलं. गावच्या इतिहासात असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे त्याला काय शिक्षा करायची याचाही नियम नव्हता. तो तिथल्या तिथे करावा लागला. आल्गोटची किटलीवर बदली झाली, खडक स्टूरेला मिळाला, आणि सामाजिक सलोख्याला बाधक असल्यामुळे स्क्रूंवर रेघा ओढण्याला मंडळात बंदी आली. स्टूरेचं माउंट त्याच आठवड्यात दोनदा हललं. दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या.

आल्गोटची कॉफी झकास असते. ओतताना हात जराही हलत नाही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली आहे. एकेक जण कप घेऊन किटलीपाशी जातो, इकडेतिकडे बघतो, खाली वाकून हळूच म्हणतो, "माझेही हलतात रे," आणि शेकोटीपाशी परत येऊन मोठ्यानं सांगतो, "हललं!" परवा टोर्केलनं दोन कप घेतले. आल्गोट कुणाचं नाव कुणाला सांगत नाही. फक्त संध्याकाळी घरी जाताना वाट वाकडी करून खडकावर थोडा वेळ बसतो. तेव्हा त्याला कुणी उठवत नाही.

तर अशी ही आमच्या मंडळाची हकिकत. वाचताना तुमच्या काळजाला कुठे काही लागलं नसेल, तर माझा नेम चुकला असं मी म्हणणार नाही. मीही याच गावचा आहे. तुमच्या चष्म्याचा स्क्रू सैल झालाय. आणि लागलं असूनही नाही म्हणत असाल, तर या, शेकोटीपाशी जागा आहे.