दामोदर मास्तरांची बोटे

दामोदर मास्तरांनी रस्त्यात कोणास आधी नमस्कार केला, असे शपथेवर सांगणारा एकही मनुष्य आमच्या कल्याणात मिळणार नाही. समोरून कोणी येताना दिसले, की हे गृहस्थ वीस पावलांवर थबकत, उजवा हात वर करीत, दोन, तीन किंवा चार बोटे उभारीत आणि विचारीत, "किती?" उत्तर बरोबर आले तर मग नमस्कार आणि क्षेमकुशल. चुकले तर पाच पावले पुढे येऊन, "आता किती?" मामलेदारांस त्यांनी पारनाक्यावर भर बाजारात असे उभे केले होते. एका नवरदेवास वरातीत घोड्यावरून उत्तर द्यावे लागले, आणि ते चुकले तेव्हा मुलीच्या बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मी ठाण्याच्या कोर्टात उभा जन्म वकिली केली. उलटतपासणीचा अधिकार कोणास असतो व कोणास नसतो, हे मला ठाऊक आहे. रस्त्याने मुकाट्याने चालणाऱ्या गृहस्थाची उलटतपासणी मराठी शाळेच्या मास्तराने करावी, यास कोणत्याही कायद्यात आधार नाही, असे मी त्यांस सविस्तर लिहून कळविले. माझा कागद परत आला. पाठीवर मास्तरांच्या हातची एकच ओळ होती: "अर्जदाराने प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही."

शाळेत तर या गृहस्थाच्या लीलांस मर्यादा नव्हती. मुले पाढे घोकीत असता ते पाठीमागून पावलांचा आवाज न करता येत आणि हलक्या आवाजात म्हणत, "पेढा." ज्याची मान वळे तो निर्दोष. ज्याची न वळे त्याच्या कानात काही बिघाड आहे असे ठरवून त्यास आपल्या उजव्या हाताशी बसवीत. "पेढा ऐकून न वळणारे पोर मठ्ठ नसते, तात्यासाहेब," ते मला सांगत, "ते बहिरे असते. मठ्ठ पोर तर सगळ्यांत आधी वळते."

येथवर मी सोसले. कळस झाला तो नंबरांच्या बाबतीत.

वाचकांस माहीत आहेच, की शाळेत बसण्याची जागा हुशारीवर ठरते. पहिला नंबर फळ्यापुढे आणि शेवटचा दाराशी, चपलांजवळ. बरोबर उत्तर देईल तो वर चढतो, चुकेल तो खाली उतरतो. माझा नातू विनायक तिसऱ्या यत्तेत पहिला नंबर राखून होता. एके दिवशी दामोदर मास्तरांनी त्यास उचलून चौथ्या ओळीत नेले आणि त्या जागी बसविला धर्मा, खाडीवरच्या कोळ्याचा मुलगा, जो दोन वर्षे चपलांजवळून हललेला नव्हता. मास्तरांचे म्हणणे, ज्यास फळा दिसत नाही त्याने फळ्यापाशी बसावे. मी विचारले, मग हुशारीचे काय? ते म्हणाले, "हुशारी चौथ्या ओळीतूनही दिसते. फळा दिसत नाही."

विनायकाची या प्रकारास काहीच हरकत नव्हती. मागच्या ओळीपर्यंत छडी पोचत नाही, असे तो आजीस आनंदाने सांगत होता. परंतु हक्क हा हक्क आहे. तो ज्याचा त्यास कळत नसला तरी दुसऱ्याने सांभाळावा लागतो.

मी स्कूल कमिटीचा सभासद होतो. जो मुलगा एकाच यत्तेत दोनदा नापास होईल त्याचे नाव हजेरीपटावरून काढावे, हा कमिटीचा ठराव माझ्याच हातचा. धर्मा एकदा नापास झालेला होता. शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब महिन्याभरात परीक्षेस येणार होते. तेव्हा मी त्यांसच अर्ज लिहिला. त्यात मास्तरांची बदली मागितली, आणि एक गंभीर आरोप केला: मास्तर लाच घेतात. धर्माचा बाप रोज सकाळी शाळेच्या अंगणात मास्तरांच्या हाती मासळीची टोपली देतो, हे अर्जदाराने शाळेसमोरच्या आपल्या ओटीवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. ब्राह्मणाने मासळी घ्यावी, हे मी मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात घातले.

डेप्युटीसाहेब आले. आधी चौकशी, मग परीक्षा. शाळेच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. धर्माचा बाप हात जोडून उभा होता. टोपलीचे विचारताच तो गोंधळला. टोपली त्याने कधी आणली नव्हती. मास्तर रोज सकाळी दोरीने अंतर मोजून, कोणत्या मुलास कुठवर दिसते ते पाहात. दोरीचे टोक धरायला हा जाई, आणि वाकताना पडू नये म्हणून मास्तर आपली पगडी त्याच्या हाती देत. मापे झाली की हा ती परत देई. "माजा पोर येरा नाय, सायेब," तो म्हणाला. "त्याला लांबचा दिसत नाय. नाव नका कारू त्याचा."

पगडी आणि टोपली यांतला भेद मला कळत नाही असे सुचविले जात असल्याचे पाहून मी उसळून उभा राहिलो. साहेबांनी मला शांतपणे माझ्या ओटीवर जाऊन बसण्यास सांगितले. मी गेलो. अंगणातून दामोदर मास्तरांनी हात वर केला आणि विचारले, "किती?"

आता सांगतो, की बोटे मला दिसली नाहीत. हातही दिसला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ज्याने जन्मभर साक्षीदारांस खडसावले, त्याने गप्प कसे राहावे? मी ठणकावून म्हणालो, "चार."

अंगणात विनायक हसला तेव्हाच मी समजलो. मास्तरांनी मूठ मिटलेली होती.

पाहिल्याची साक्ष पाहणाऱ्यानेच द्यावी, असा पुराव्याचा नियम आहे. मी पाहणारा नव्हतो. मी ओटीवरून उतरलो आणि अर्ज काढून घेतो असे माझ्याच तोंडाने सांगितले. मग परीक्षा झाली. धर्माने पहिल्या ओळीतून फळ्यावरचा उतारा वाचला. हळू वाचला, पण अडखळला नाही. हिशेबही बरोबर आला. त्याचे नाव पटावर राहिले, आणि साहेबांच्या सूचनेवरून माझा ठराव मलाच रद्द करावा लागला. तो मी सुवाच्य अक्षरात रद्द केला.

त्याची नक्कल द्यावी म्हणून पुढच्या रविवारी दुपारी मी मास्तरांच्या बिऱ्हाडी गेलो. एक खोली, एक पाट, एक ताट. मास्तरांनी नक्कल वाचून बाजूस ठेवली.

"तात्यासाहेब, तुमच्या पत्रांना उत्तरे येतात," ते म्हणाले. "सरकारसुद्धा उत्तर देते. माझ्या पत्रांना येत नाही. एक पत्र लिहून द्याल?"

कोणास, असे मी विचारले. तेव्हा कळले, की त्यांस एक मुलगा आहे. पूर्वी ते कळव्याच्या शाळेवर असता तो त्यांच्याच वर्गात, दाराशी बसे. कागद नाकाशी धरूनही त्यास बारीक अक्षर लागत नसे. एकदा त्याने दारातल्या गाईस मामा समजून वाकून नमस्कार केला. थट्टा करतो म्हणून मास्तरांनी त्यास झोडपले. शेवटी मठ्ठ असा शेरा मारून त्याचे नाव पटावरून काढले. मुलगा घर सोडून गेला. पुढे वर्षभराने दुसरे एक पोर फळ्यास नाक लावून वाचताना दिसले, तेव्हा मास्तरांस उमगले. मुलगा आता जबलपुराकडे रेल्वेच्या कामावर खडी वाहतो, एवढेच कोणीतरी सांगितले होते; त्याच पत्त्यावर ते लिहीत.

मी दौत पुढे ओढली. सवयीने विचारले, मागणी काय लिहू?

"मागणी काही नाही," मास्तर म्हणाले. "अक्षर मात्र मोठे काढा."

मी चाकूने बोरूचे टोक जाड कापले. करंगळीएवढी एकेक वेलांटी काढीत लिहू लागलो. चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुझी चूक नव्हती. माझी होती.

एवढ्यातच कागद भरला. मास्तरांनी दुसरा पुढे सरकवला.