कोरे सर भेटायला येतात

आजाऱ्याला भेटायला जाताना लोक बिस्किटांचा पुडा नेतात. आमचे कोरे सर नुसते प्रश्न न्यायचे. "क्यान्सर कधी कळला? आईबापांत कुणाला होता का? जेवण किती जातंय?" तेही आजाऱ्याच्या उशाशी बसून, जिथं घरच्यांना त्या रोगाचं नाव काढायची चोरी.

पाटोद्याच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे, मी इतिहास. गावात एसटीडीची पिवळी पाटी नुकतीच लागली होती. त्या बूथवरून सर पुण्याच्या भाच्याकडे नव्या संशोधनाच्या झेरॉक्स मागायचे. "गाठ कुठं हाय ते सोडा हो," ते मला सांगत. "पेशीत जनुकांच्या वाटा असतात. गळ्याचा असो का पोटाचा, तीच वाट जागी झाली तर माणसं सारखेच दिवस जगतात का, एवढंच बघायचंय मला." आमच्या सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल दिसायचीही मारामार. तेव्हा वाटा राहिल्या बाजूला, सर माणसंच बघत हिंडायचे.

माणसं अर्थातच मरायची. उपचार मुंबईला, आणि रोग कळायचा तोच शेवटी. मग गावानं आपलं संशोधन केलं: कोरे सर येऊन गेले की माणूस जातं. त्यांची स्कूटर दिसली की दारं लागू लागली. फळवाले रशीदभाई तर तोंडावर म्हणाले, "आमच्या अब्बाकडं नका येऊ, सर. तुमचा पायगुण लई वाईट हाय."

सर खो खो हसले. "दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत न्हाई, रशीदभाई!" हे त्यांचं पालुपद. वर्गात, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. मला मात्र गावाच्या अकलेचा संताप यायचा.

मग त्यांच्याच बायकोला, सुमनवहिनींना, पोटाचा कॅन्सर निघाला.

भेटायला गेलो तर सर ओट्यावर. "तुमी जा आत. एवढी गोळी द्या तिला." पुढच्या खेपेलाही ओट्यावरच. आत वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "भावजी, त्यान्ला म्हणावं आत या. लई एकटं वाटतंय." मी बाहेर येऊन निरोप दिला. सर उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागं फिरले. "माझा पायगुण..." एवढंच पुटपुटले. एवढा शिकलेला माणूस! त्यांच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला.

वहिनी गेल्या. माती देऊन आल्यावर सर पुन्हा ओट्यावरच बसले.

"मी आत गेलो न्हवतो ना?"

"नाही, सर."

"एकदाबी न्हाई. तरी गेली."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मंग कशापायी बसलो मी भाईर?"